चाग्रेस नदी, माकडं आणि पडका किल्ला: पनामातला एक दिवस (अनुभव धागा)

पनामाला जाऊन आलेले आपल्यात आता बरेच आहेत. कोणी क्रूझवरून कोलोन बंदरात उतरलेले, कोणी कामानिमित्त राहिलेले, कोणी जहाजावरचे. सकाळी गाटून तलावात होडी, बेटांवरची माकडं, दुपारी सान लोरेन्झोचा किल्ला अशी गाइडसकट सहल तिथे मिळते. ती केलेल्यांनी इथे लिहा. पॅकेज कितीला पडलं हे नको, काय पाहिलंत ते सांगा.

सुरुवात मी करते. हा तलाव म्हणजे पनामा कालव्यासाठी अडवलेली चाग्रेस नदी. गाटूनचं धरण १९१३ मध्ये पुरं झालं आणि खोऱ्यातली गावं, जुन्या रेल्वेचा मार्ग, जंगल सगळं पाण्याखाली गेलं. टेकड्यांचे माथे तेवढे वर उरले, तीच आजची बेटं. बुडालेल्या झाडांचे खुंट अजून पाण्याबाहेर दिसतात, होडीवाला ते न बघताच चुकवत होता. पांढऱ्या तोंडाची कपुचिन माकडं फांदीवर आणि त्यांच्या मागून कंटेनरचं अजस्र जहाज चाललेलं, हे दृश्य बाकी कुठे दिसणार?

पक्षीवेडी
माकडांना केळी, द्राक्षं देऊन होडीवर बोलावतात, ते मला अजिबात आवडलं नाही. फोटो छान येतात म्हणून सगळे गप्प. आम्ही गाइडला इंजिन बंद करायला लावलं आणि मग खरी मजा आली. हाउलर माकडांचा आवाज आधी ऐकू येतो, माकडं बऱ्याच वेळाने दिसतात. तीन बोटांचा स्लॉथ सेक्रोपियाच्या झाडावर होता. तो आठवड्यातून साधारण एकदाच खाली उतरतो, तेही शौचाला! टूकन लांबून दिसला. बारो कोलोरादो हे मोठं बेट १९२३ पासून राखीव आहे, तिथे स्मिथसोनियन या अमेरिकन संस्थेचं संशोधन चालतं. सहलीच्या होड्या तिथे लागत नाहीत, आधी वेगळी परवानगी काढावी लागते.

आगबोटवाला
मी हे सगळं वरून, डेकवरून पाहिलंय. गाटूनच्या तीन लॉकमधून, म्हणजे पाणी भरून जहाज उचलणाऱ्या बंद कप्प्यांमधून, जहाज २६ मीटर वर चढतं. इतर बंदरांत पायलट, म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा स्थानिक माणूस, नुसता सल्ला देतो, इथे जहाजाचा ताबाच त्याच्याकडे जातो, कॅप्टन शेजारी उभा. एका जहाजामागे सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात सोडावं लागतं. पनामा सिटी आणि कोलोनचं पिण्याचं पाणीही याच चाग्रेसच्या खोऱ्यातलं. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला तेव्हा रोजची जहाजं कमी केली आणि आम्ही बाहेर नांगर टाकून बसलो. होडीतून फिरताना पाण्याची पातळी विचारा, गाइडला नक्की ठाऊक असते.

गडभटक्या
माझ्यासाठी किल्ला हाच दिवस होता. शास्त्री नदीच्या मुखावर जसा जयगड, तसा चाग्रेसच्या मुखावर सान लोरेन्झो. जागेची निवड बघून आपल्या माणसाला लगेच उमगतं की नदीची किल्ली इथे आहे. पेरूची चांदी पॅसिफिक किनाऱ्यावर उतरायची, खेचरांवरून नदीकाठच्या वेंता दे क्रूसेसपर्यंत यायची, तिथून होड्यांतून नदीने खाली आणि पुढे पोर्तोबेलो बंदराला. १६७१ मध्ये समुद्री लुटारू हेन्री मॉर्गनच्या माणसांनी आधी हा किल्ला घेतला, मगच तो नदीने वर जाऊन पनामा शहरावर चालून गेला. शहर जळालं, आज त्याचे अवशेष पनामा व्हिएहो म्हणून बघायला मिळतात. १७४० मध्ये इंग्रज अॅडमिरल व्हर्ननने किल्ला तोफांनी पाडला. आज दिसतं ते बरंचसं त्यानंतरचं बांधकाम. तोफा गवतात पडून आहेत. १९८० पासून हा पोर्तोबेलोसह जागतिक वारसा आहे, तरी आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. भोवतालचं जंगल टिकलं त्याचं एक कारण म्हणजे अमेरिकन लष्कराचा तळ. १९९९ पर्यंत सैनिकांना जंगलातल्या लढाईचं शिक्षण इथेच मिळे.

ह्यूस्टनकर
आमच्या गाइडचे पणजोबा बार्बाडोसहून कालवा खणायला आलेले. अमेरिकन गोऱ्यांचा पगार 'गोल्ड रोल' या यादीवर, काळ्या मजुरांचा 'सिल्व्हर रोल'वर, राहायला जागा आणि मेसही वेगळे. अमेरिकनांच्या काळात ५,६०० च्या वर माणसं मेली, त्यातली बहुतेक हीच. त्याआधी फ्रेंचांच्या वेळी पिवळा ताप आणि मलेरियाने किती गेली त्याचे नुसते अंदाज, पण तेही वीस हजारांच्या पुढचे. हे सगळं तो गाडीत, जेवायला जाताना बोलला. कार्यक्रमपत्रिकेत त्याला जागा नव्हती. जेवणात नारळाच्या दुधातला भात आणि त्यात चक्क तुरीचे दाणे! शाकाहारी मंडळींनी तोच मागावा, सोबत कच्च्या केळ्याचे तळलेले पाताकोनेस.

नवी वाचक
आईला गुडघेदुखी आहे, जमेल का? आम्ही जुलैत जातोय.

गडभटक्या
होडीत चढताना कोणी हात धरला की झालं. जुलैत पाऊस पक्का, किल्ल्यातलं गवत निसरडं असेल. त्यांना खाली उतरवू नका, नदीचं मुख वरूनही छान दिसतं. आणि छत्री नको, रेनकोट न्या.