प्रीमियर लीगमधून खाली आलेले क्लब परत वर का जात नाहीत? (ब्लॅकबर्न, वेन्स्डे, स्टोक आणि मंडळी)

एवुडकर

मे २०२५ मध्ये वेंब्लीवर प्ले-ऑफच्या फायनलमध्ये (वर जायच्या तिसऱ्या जागेसाठीची बाद फेरी) संडरलँडने ९५ व्या मिनिटाला गोल मारून शेफील्ड युनायटेडला हरवलं आणि आठ वर्षांनी प्रीमियर लीगमध्ये परतले. तेव्हापासून आमच्या इकडच्या पबमध्ये एकच रड चालू आहे, की आपला नंबर कधी लागणार. आपला म्हणजे ब्लॅकबर्न रोव्हर्सचा. १९९५ चा इंग्लंडचा विजेता क्लब, २०१२ मध्ये खाली आला तो आलाच. मध्ये एक हंगाम तर तिसऱ्या पायरीवर, लीग वनमध्ये काढला. शेफील्ड वेन्स्डे २००० पासून बाहेर, डर्बी २००८ पासून, स्टोक २०१८ पासून.

कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: पॅराशूटचे पैसे. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रीमियर लीगमधून घसरलेल्या क्लबला टीव्हीच्या पैशातला हिस्सा पुढेही मिळत राहतो. पहिल्या वर्षी समान वाट्याच्या ५५ टक्के, मग ४५, मग २० (हा तिसरा हप्ता वर एकाहून जास्त हंगाम टिकलेल्यांनाच). पहिला हप्ता साडेचार-पाच कोटी पौंडांच्या घरात जातो. चॅम्पियनशिपमधल्या (प्रीमियर लीगच्या खालच्या लीगमधल्या) बाकीच्यांच्या हातावर वरून पडतात ते ५० लाखांच्या आसपास.

तफावत मोठी आहे, वादच नाही. पण माझं स्पष्ट मत आहे की या आकड्याच्या आड क्लब आपला नाकर्तेपणा लपवतात. ब्लॅकबर्नलाही पॅराशूट मिळालं होतं की! २०१२ च्या उन्हाळ्यात जॉर्डन रोड्सला हडर्सफील्डकडून ८० लाख पौंड मोजून आणलं. पोराने गोलही रतीब घातल्यासारखे केले. आणि मॅनेजरचं बाकडं कोणाकडे? सुरुवातीला स्टीव्ह केन, मग हेनिंग बर्ग ५७ दिवस, मग मायकेल अ‍ॅपलटन ६७ दिवस, मग गॅरी बोयर. एका हंगामात! बर्गच्या नुकसानभरपाईचा वाद कोर्टात गेला आणि क्लबला साडेबावीस लाख पौंड मोजावे लागले. हंगामाअखेर नंबर सतरावा.

हे जुनं झालं म्हणाल तर अलीकडचं घ्या. २०२२ च्या जानेवारीत संघ टेबलमध्ये दुसरा होता. शेवटी आठवा आला. त्याच उन्हाळ्यात रॉथवेल, लेनिहन आणि न्याम्बे, तिघेही करार संपले म्हणून फुकटात गेले. पुढच्या वर्षी ब्रेरेटन डियाझ, एका हंगामात २२ गोल मारलेला माणूस, तोही असाच व्हियारेआलला गेला. एक पै आली नाही. आणि डेव्हिड राया! आमच्याच अकादमीतला गोलकीपर, २०१९ मध्ये ब्रेंटफर्डला तीसेक लाखांना दिला. दोन वर्षांनी ब्रेंटफर्ड ७४ वर्षांनंतर पहिल्या दर्जात गेले तेव्हा गोलपोस्टमध्ये राया होता. त्यांनाही पॅराशूट नव्हतं. पैसा कमी असलेल्याने फुकट काय सोडू नये, एवढं तरी कळायला हवं.

हिशेबनीस

एवुडकर, तळमळ पोचली, पण सपशेल असहमत. आकडे मांडतो.

२०१९-२० ते २०२४-२५ हे सहा हंगाम घ्या. चॅम्पियनशिपमधून एकूण १८ क्लब वर गेले. त्यातले पॅराशूटवाले १२. सहाच्या सहा हंगामांत गणित तेच: दोन पॅराशूटवाले, एक बिनपॅराशूटवाला. लीड्स, ब्रेंटफर्ड, फॉरेस्ट, ल्यूटन, इप्सविच, संडरलँड, झाले सहा. आता २४ क्लबांच्या लीगमध्ये कोणत्याही वर्षी पॅराशूटवाले असतात पाच ते आठ. म्हणजे या मूठभरांसाठी दोन जागा, आणि उरलेल्या सोळा-सतरा-अठरा क्लबांनी एका जागेसाठी मारामारी करायची. सगळ्यांनी आदर्श कारभार केला तरी दरवर्षी जाणार एकच. मग बाकीच्या सोळांना नाकर्ते म्हणणार का?

त्यात तोट्यावर मर्यादा: २०२४-२५ च्या नियमाप्रमाणे तीन वर्षांत मिळून ३.९ कोटी पौंड. मालक कुबेर असला तरी त्यापुढे हात बांधलेले. प्रीमियर लीगमध्ये तीच मर्यादा तेव्हा साडेदहा कोटी. खाली आलेला क्लब वरची महागडी टीम घेऊन येतो, पॅराशूटवर तिचे पगार भागवतो आणि तुमच्या फुलबॅकला दुप्पट पगार देऊ करतो. रॉथवेल फुकट गेला म्हणता, तो गेला कुठे? बोर्नमथला. बोर्नमथ तेव्हा नुकतं कशाच्या जोरावर वर गेलं होतं, ते बघा.

पेठेतला फॉरवर्ड

हिशेबनीस, गणित झकास, पण अर्धं. पॅराशूट मिळूनही कपाळमोक्ष झालेले का मोजत नाही? संडरलँड स्वतः २०१७ ला खाली आले आणि पॅराशूटसकट पुढच्याच वर्षी लीग वनमध्ये. हल २०१७ ला खाली, २०२० ला आणखी खाली. हडर्सफील्ड, कार्डिफ तसेच. ल्यूटनने तर यंदा कमाल केली, २०२४ ला प्रीमियर लीगमधून बाहेर, २०२५ ला चॅम्पियनशिपमधून बाहेर. पहिला, सगळ्यात मोठा हप्ता मिळालेल्या वर्षी!

आणि भावा, पगाराचं काय सांगतोस? चॅम्पियनशिपमध्ये २०२२ पर्यंत वर्षानुवर्षं क्लबांचा एकूण पगार एकूण कमाईपेक्षा जास्त होता. रेडिंगने तर कमाईच्या दुप्पट पगार वाटले. सावकाराकडून पैसे काढून वरातीला हत्ती आणायचा हा प्रकार. डर्बीच्या मालकाने स्टेडियम स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला आठ कोटींना विकून हिशेब जुळवला. वेन्स्डेनेही हिल्सबरोबाबत तेच केलं. शेवट काय? डर्बीचे २१ गुण कापले, २०२२ ला लीग वन. वेन्स्डेचे सहा गुण कापले, २०२१ ला लीग वन. २०२५ मध्ये तर वेन्स्डेत खेळाडूंचे पगारही रखडले. कुणी हात पिरगाळला होता का यांचा?

आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींच्या मॅचला गर्दी बघायला या एकदा. हरलेल्या संघाच्या पेठेत रात्रभर चर्चा होते, पण रेफ्रीवर खापर फोडून झाल्यावर पोरं स्वतःच्या डिफेन्सलाही शिव्या देतात. तेवढं इंग्लंडवाल्यांना जमायला हरकत नाही.

हिशेबनीस

फॉरवर्डसाहेब, तुम्ही माझ्याच बाजूने बोललात हे लक्षात आलं का? डर्बी आणि वेन्स्डेच्या मालकांनी हा जुगार का खेळला? सरळ मार्गाने पाच कोटीवाल्याशी बरोबरी होत नाही म्हणून. नियम असे करायचे की वेडेपणा केल्याशिवाय वर जाता येणार नाही, आणि केला की गुण कापायचे.

सिटी_ग्राउंड

मी नॉटिंगहॅमला राहते, फॉरेस्टवाली. दोन्ही बाजू वाचून हसू येतंय, कारण आमचं वर जाणं कुठल्याच सिद्धांतात बसत नाही.

युरोपियन कप दोनदा जिंकलेला क्लब १९९९ ला खाली गेला आणि २३ वर्षं खालीच. मालक बदलले, मॅनेजर तर विचारूच नका, बसच्या वेळापत्रकासारखे बदलायचे. २०२१-२२ ची सुरुवात आठवते: सात सामने, एक गुण, तळाला. ह्यूटनला काढून स्टीव्ह कूपरला आणलं आणि मे महिन्यात आम्ही वेंब्लीला. फायनलमधला एकमेव गोल कोणाचा? हडर्सफील्डच्या कोलविलचा, स्वतःच्याच जाळ्यात. शिवाय त्या संघाचा कणा उसना होता. स्पेन्स मिडल्सबरोचा, गार्नर मँचेस्टर युनायटेडचा, डेव्हिस व्हिलाचा, झिंकरनागेल वॉटफर्डचा, सगळे लोनवर. सीझन संपला आणि ज्याचा त्याचा माल ज्याच्या त्याच्या घरी. म्हणून त्या उन्हाळ्यात वीसहून जास्त खेळाडू आणावे लागले, लोक हसले, आणि पुढे खर्चाची मर्यादा ओलांडली म्हणून २०२४ मध्ये चार गुण गेले. तरी टिकलो.

हिशेबनीसांच्या यादीतल्या सहांपैकी लीड्स आणि इप्सविच सोडले तर बाकीचे चारही प्ले-ऑफमधून गेलेत. ल्यूटन तर पेनल्टीवर. ४६ सामने खेळायचे आणि फैसला एका दुपारी. ज्यांच्या वाट्याला ती दुपार येते त्यांच्या कारभाराचे नंतर गोडवे गायले जातात. कोव्हेंट्रीची एक पेनल्टी आत गेली असती तर आज ल्यूटनच्या ‘आदर्श मॉडेल’वर लेख आले नसते.

खुर्चीतला रेफ्री

म्हणजे निष्कर्ष: देवाची करणी आणि नारळात पाणी. धागा बंद करा.

कोथरूड_एंड

थांबा, बंद करू नका, ब्लॅकबर्नचे मालक, पुण्याचे वेंकीज, यांच्याबद्दल बोलायचं आहे. मला त्यांची वकिली करायची नाही. मॅनेजर अलर्डाइसना तेराव्या नंबरावर असताना काढणं हा वेडेपणाच होता, आणि २०१२ च्या त्या विगनविरुद्धच्या सामन्यात मैदानावर कोंबडी सोडली गेली ती काही उगाच नाही. पण तेरा-चौदा वर्षांत या कुटुंबाने क्लबमध्ये २० कोटी पौंडांहून जास्त ओतले, हेही मांडा की. सव्वा लाख वस्तीचं गाव, बर्नली, प्रेस्टन आणि बोल्टन हाकेच्या अंतरावर, मँचेस्टरचे दोन राक्षस शेजारी. आधीचा मालक जॅक वॉकर होता तेव्हा त्याने स्वतःच्या पोलादाच्या पैशावर शिअररला आणलं, विजेतेपद विकतच घेतलं म्हणा ना. आज तो परत आला तरी तीन वर्षांत ३.९ कोटींपेक्षा जास्त तोटा त्याला करता येणार नाही. १९९२ ला जे चाललं ते आज नियमात बसत नाही.

आणखी एक. अलीकडे भारतातल्या चौकशीमुळे मालकांना इंग्लंडला पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली, वर तेवढ्याच रकमेची बँक हमी. अशा वेळी व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला १.८ कोटींना विकला आणि २७ गोलवाला स्मोडिक्स इप्सविचला, तर त्याला नाकर्तेपणा म्हणायचं की घर चालवणं?

एवुडकर

कोथरूड, पैसे ओतले हे मी नाकारत नाहीच. ओतले आणि वाहून गेले, तक्रार तीच आहे. आमच्या एवुड पार्क मैदानाबाहेर जॅक वॉकरचा पुतळा उभा आहे, त्याच्यामागे ब्लॅकबर्न एंड हा स्टँड. आत ३१ हजारांची सोय, आणि साध्या शनिवारी निम्म्या खुर्च्यांवर निळं प्लास्टिक दिसतं. पाहुणे जास्त आले की त्यांच्या डार्वेन एंडचा आवाज आमच्यापेक्षा मोठा. तरीही २०२५ च्या फेब्रुवारीत आम्ही प्ले-ऑफच्या जागेत होतो. तेव्हा मॅनेजर जॉन यूस्टेस सोडून गेला. कुठे? तळाशी गटांगळ्या खाणाऱ्या डर्बीला! आम्ही सातवे, सहाव्यापेक्षा दोन गुणांनी मागे. हे दोन गुण पॅराशूटने नेले नाहीत. वर जायच्या लायनीत असलेला मॅनेजर खाली चाललेल्या क्लबमध्ये जातो, तेव्हा घरात काय चाललंय ते न सांगता कळतं.

याच यूस्टेसला २०२३ मध्ये बर्मिंगहॅमनेही सहाव्या नंबरावर असताना काढलं होतं. नाव मोठं म्हणून वेन रूनीला आणलं, १५ सामन्यांत दोन विजय, आणि हंगामाअखेर क्लब लीग वनमध्ये. उलट ब्रेंटफर्डला मॅनेजर थॉमस फ्रँक पहिल्या दहापैकी आठ सामने हरला तरी मालक बेनमने त्याला हलवलं नाही. वॉटकिन्स २.८ कोटींना गेला, त्याच्या जागी पीटरबरोहून टोनी आणला, त्याने ३१ गोल मारले. नशीब म्हणा हवं तर, पण ही माणसं आधीच हेरून ठेवलेली होती.

हिशेबनीस

बेनम आणि ब्रायटनचा ब्लूम, दोघांचाही मूळ धंदा सट्ट्याच्या आकडेमोडीचा. असे मालक इंग्लंडात दोन, क्लब चोवीस. बरं, तुमच्या ‘शहाणा आणि स्थिर मालक’ कसोटीला स्टोक उतरतो का? कोट्स कुटुंब स्थानिक, गडगंज, क्लबवर जीव. पॅराशूटही मिळालं. २०२५ पर्यंत सात हंगाम झाले, एकदाही पहिल्या तेरात नाही. मिडल्सबरोचा गिब्सनही तसाच, गावचा माणूस. २००९ नंतर वर गेले ते एकदा, २०१६ ला, आणि पुढच्याच वर्षी परत खाली. यांच्यावर काय आरोपपत्र?

पेठेतला फॉरवर्ड

सोपं आहे. स्टोकचा मालक स्थिर, खुर्ची फिरती. रोवेट, जोन्स, ओ'नील, अ‍ॅलेक्स नील, शूमाकर, पेलाक, रॉबिन्स. सात हंगामांत सात! नुसत्या २०२४-२५ हंगामात तीन. प्रत्येक जण आपल्या पद्धतीचे खेळाडू मागतो, आधीच्याचे अडगळीत, पगार मात्र दोघांचे. २०२५ च्या जानेवारीत मार्क रॉबिन्स आला, त्याने कोव्हेंट्रीला लीग टूमधून उचलून २०२३ च्या प्ले-ऑफ फायनलपर्यंत नेलं होतं. सहा वर्षं दिली म्हणून जमलं. तेवढी वर्षं त्याला इथे द्या.

हिशेबनीस

आणि कोव्हेंट्रीने त्याच रॉबिन्सला २०२४ च्या नोव्हेंबरात सतराव्या नंबरावर असताना काढलं, लँपार्डला आणलं, आणि त्याच हंगामात पाचवे येऊन प्ले-ऑफ खेळले. आता बोला.

सिटी_ग्राउंड

आणि सेमीफायनलला संडरलँडकडून हरले, एक्स्ट्रा टाइमच्या अगदी शेवटी खाल्लेल्या गोलवर. मी काय म्हणत होते?

एवुडकर

म्हणा काहीही. आधी या उन्हाळ्यात आमच्याकडच्या कुणाकुणाचा करार संपतोय ती यादी कुणीतरी टाका इथे, मग नशिबाचं बघू.