६५ वॅटच्या चार्जरने फोनची बॅटरी जळते का? आणि ट्रिमर त्याच चार्जरवर ढिम्म का?

प्रश्न : एकच_चार्जर

लॅपटॉपबरोबर आलेला ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर सगळ्यालाच वापरायचा विचार आहे. तीन अडचणी आहेत.

फोनच्या खोक्यावर ३३ वॅट लिहिलंय. त्याला ६५ लावला तर दुप्पट करंट घुसून बॅटरी जाईल, असं घरात सगळ्यांचं ठाम मत. प्रत्यक्षात लावून पाहिला तर उलटंच झालं. फोन त्याच्या स्वतःच्या चार्जरपेक्षा हळू भरतो. आणि ट्रिमरला टाइप-सी पोर्ट असूनही या चार्जरवर त्याचा दिवासुद्धा लागत नाही. जुन्या चपट्या यूएसबीच्या केबलने मात्र व्यवस्थित चार्ज होतो.

चार्जर बिघडलाय का? त्याच्यावर बारीक अक्षरात लिहिलंय : ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट ३ अँपिअर, १५ व्होल्ट ३ अँपिअर, २० व्होल्ट ३.२५ अँपिअर.

प्रतिसाद : ओहमकार

चार्जर धडधाकट आहे.

आधी भीतीचं बघू. करंट चार्जर ढकलत नाही, फोन ओढतो. भिंतीवरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटला ९ वॅटचा एलईडी दिवा लावतोच ना आपण? दिवा जळत नाही, त्याला लागतं तेवढंच घेतो. चार्जरवरचा वॅटचा आकडा म्हणजे 'जास्तीत जास्त इतकं देता येईल' एवढाच अर्थ.

बिनसू शकतं ते व्होल्टेजमुळे. ५ व्होल्टच्या वस्तूला २० व्होल्ट गेले तर ती खरंच मरेल. टाइप-सीमध्ये त्याचाच बंदोबस्त केलेला आहे. केबल जोडली की चार्जर सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट देतो. मग 'सीसी' नावाच्या वेगळ्या तारेवरून तो आपली यादी पाठवतो. तुम्ही वर उतरवून काढलेली ओळ म्हणजे तीच यादी. फोन त्यातली एक जोडी मागतो, चार्जर 'ठीक' म्हणतो आणि मगच व्होल्टेज बदलतं. फोन गप्प राहिला तर चार्जर ५ व्होल्टवरच थांबतो. ही सगळी घासाघीस एका सेकंदाच्या आत उरकते. या पद्धतीचं नाव यूएसबी पॉवर डिलिव्हरी, थोडक्यात पीडी.

बॅटरीपर्यंत तर हे ९ किंवा २० व्होल्ट थेट पोचतच नाहीत. फोनमधली चार्जिंगची चिप ते उतरवून बॅटरीला हवं तेवढंच, म्हणजे साधारण ३.५ ते ४.४ व्होल्टच्या पट्ट्यात देते. खरा चार्जर तीच चिप. आपण भिंतीला लावतो तो नुसता वीजपुरवठा. 'चार्जर' हे नाव चुकीच्या डब्याला चिकटलंय, आणि निम्मे गैरसमज तिथूनच सुरू होतात असं माझं मत.

प्रतिसाद : पाचवी_पिन

हळू का, त्याचं उत्तर तुमच्याच यादीत आहे. तिच्यात 'पीपीएस' दिसत नाही.

३३, ६७, १२० असे आकडे खोक्यावर असतात ते बहुतेक कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचे. तो फोन, त्याच कंपनीचा चार्जर आणि बऱ्याचदा तिचीच केबल अशी तिन्ही जुळली तरच तो वेग मिळतो. परका चार्जर दिसला की फोन पीडीवर येतो. तिथे तो किती मागेल हे कंपनीने ठरवलेलं असतं. कुणी ९ व्होल्टवर १८ वॅट घेतो, कुणी २७. काही फोन तर ५ व्होल्टच्या पुढे जातच नाहीत. चार्जरवर ६५ लिहिलेलं असो की १००, काही फरक पडत नाही.

पीपीएस म्हणजे पीडीचाच पुढचा प्रकार. त्यात फोन २० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी व्होल्टेज मागतो : आत्ता ८.४६ दे, आता ८.५० दे. व्होल्टेज उतरवण्याचं बरंचसं काम त्यामुळे चार्जरमध्येच होतं आणि फोन कमी तापतो. काही फोनना वरचा वेग पीपीएसशिवाय मिळत नाही. नवा चार्जर घेताना वॅट बघायच्या आधी 'पीपीएस ३.३–११ व्होल्ट' अशा धर्तीची ओळ छापली आहे का ते बघा.

प्रतिसाद : सोल्डरवाला

ट्रिमरचं कोडं. यात चूक ट्रिमर बनवणाऱ्याची आहे.

टाइप-सी पोर्ट असलेला चार्जर रिकाम्या पिनेवर वीज सोडतच नाही. पलीकडे खरंच वीज घेणारं काही जोडलंय का, हे तो सीसी पिनवर तपासतो. खूण म्हणजे ५.१ किलोओहमचा रेझिस्टर. वस्तूच्या पोर्टवर दोन सीसी पिना असतात, त्या प्रत्येकीवर एक, असे दोन लागतात. मोहरीएवढे दोन भाग वाचवायला स्वस्त ट्रिमर, टॉर्च, खेळणी, छोटे पंखे यांतून ते गाळले जातात. चार्जरच्या मते तारेच्या टोकाला कुणीच नसतं, म्हणून तो शून्य व्होल्ट देत राहतो.

चपट्या टाइप-ए पोर्टवर मात्र ५ व्होल्ट कायम हजर असतात, विचारपूस नाही. म्हणून ए-टू-सी केबलने ट्रिमर चालतो. उपाय तोच : ती केबल आणि साधा ५ व्होल्टचा ॲडॅप्टर. आपल्या चार्जरला टाइप-ए पोर्टही असेल तर तो वापरा. पिन उलटी करून घालण्यात अर्थ नाही, दोन्ही रेझिस्टर नसतील तर दोन्ही बाजूंनी तेच होणार. उघडून स्वतः लावता येतात, पण पाणी लागणाऱ्या वस्तूचं सील मोडू नये.

याच्या जवळची एक चूक एका नावाजलेल्या छोट्या संगणकाच्या बोर्डातही झाली होती. २०१९ च्या पहिल्या रास्पबेरी पाय ४ वर दोन्ही सीसी पिना जोडून एकच रेझिस्टर लावला होता. साध्या केबलने तो चालायचा, पण चिप असलेली महागडी केबल लावली की चार्जर त्याला हेडफोनसारखी ऑडिओची वस्तू समजून वीजच देत नसे. चांगली केबल लावली म्हणून बंद, असा मजेशीर प्रकार. पुढच्या आवृत्तीत ते सुधारलं.

प्रतिसाद : जुनाजाणता

हे सगळं कागदावर ठीक आहे. माझा सल्ला : मूळ चार्जरच वापरा, रात्रभर लावून ठेवू नका, ओव्हरचार्ज होऊन बॅटरी फुगते. आणि महिन्यातून एकदा पूर्ण शून्यावर नेऊन मग शंभर करा.

प्रतिसाद : ओहमकार

@जुनाजाणता, यातलं एक अर्धं बरोबर, बाकी मागच्या पिढीच्या बॅटऱ्यांचं.

शून्यावर नेण्याची रीत निकेल-कॅडमियमची. लिथियम-आयनला 'स्मरण' नसतं, उलट तळापर्यंत ओढलं की तिची झीज वाढते. टक्केवारी चुकीची दाखवत असेल, म्हणजे २० वरून एकदम बंद पडत असेल, तर एखाद वेळा पूर्ण उतरवून पूर्ण भरल्याने मोजणी सुधारू शकते. बॅटरी त्याने सुधारत नाही.

ओव्हरचार्जचं असं. चिप आधी ठरावीक करंटने भरते. वरच्या मर्यादेचं व्होल्टेज आलं की ते तिथेच धरून ठेवते आणि करंट आपोआप घटत जातो. म्हणून ८० ते १०० ला ३० ते ५० पेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. करंट अगदी थोडा उरला की चार्जिंग बंद. नंतर फोन चार्जरच्या विजेवर चालतो, बॅटरी थोडी उतरली तर पुन्हा भरतो. शंभराच्या वर काही कोंबलं जात नाही.

तुमचं अर्धं बरोबर ते हे : पूर्ण भरलेल्या अवस्थेत गरम राहणं बॅटरीला वाईट. उशीखाली, जाड कव्हरमध्ये, वायरलेस पॅडवर रात्रभर तापत पडलेला फोन लवकर म्हातारा होतो. बऱ्याच फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती चालू करा आणि हवं तर रात्रभर लावा. गोठणबिंदूखाली चार्ज करणं तर उष्णतेपेक्षाही वाईट. लिथियम धातूच्या रूपात आत साचतं आणि ते परत निघत नाही.

प्रतिसाद : सोल्डरवाला

'मूळच हवा' यात तथ्य एवढंच की बनावट चार्जर धोकादायक असतात. पण तो धोका वॅटचा नव्हे. आत २३० व्होल्टची बाजू आणि तुमच्या हाताला लागणारी बाजू यांच्यामध्ये बोर्डावर काही मिलिमीटर मोकळं अंतर आणि नीट इन्सुलेशन असलेला ट्रान्सफॉर्मर लागतो. बनावटात नेमकं तेच चोरलेलं असतं. नावाजलेल्या दुसऱ्या कंपनीचा पीडी चार्जर आणि हा माल एकाच पारड्यात टाकू नका.

प्रतिसाद : एकच_चार्जर

यूएसबी टेस्टर मिळाला. तो फोनच्या टोकाला लावून मोजलं, फोन ३० टक्क्यांवर, स्क्रीन बंद. चार्जर तोच.

२ मीटरची केबल : ७.९ व्होल्ट, १.४ अँपिअर.
१ मीटरची जाड केबल : ८.८ व्होल्ट, १.९ अँपिअर.

म्हणजे ११ वॅट आणि जवळपास १७ वॅट. केबलने एवढा फरक?

प्रतिसाद : पाचवी_पिन

पडतोच. मोजमाप अगदी मुद्द्याचं झालं.

चार्जरने ९ व्होल्ट दिले, फोनपाशी ७.९ पोचले. १.१ व्होल्ट वाटेत गेले. भागिले १.४ अँपिअर, म्हणजे केबलचा रोध जवळपास ०.८ ओहम. २८ गेजची तांब्याची तार मीटरला ०.२१ ओहम. २ मीटरची केबल म्हणजे जाऊन-येऊन ४ मीटर, ०.८५ ओहम. आत काय भरलंय ते न कापता कळलं. नियमाप्रमाणे ३ अँपिअर वाहताना दोन्ही तारा मिळून ०.७५ व्होल्टपेक्षा जास्त घट चालत नाही, म्हणजे ०.२५ ओहम. ही केबल त्याच्या तिप्पट आहे. व्होल्टेज पडताना दिसलं की फोन स्वतःहून करंट कमी करतो, म्हणून १.९ चे १.४ झाले. हीच केबल ५ व्होल्टवर २ अँपिअरला वापरली तर १.७ व्होल्ट तारेतच संपतील.

टेस्टर हातात आहे तर एवढं लक्षात ठेवा. ५ च्या आसपास अडकला तर पीडीचं बोलणंच झालं नाही. ९ च्या जवळ स्थिर असेल तर साधी पीडी. ८.४, ८.६ असा सरकत राहिला तर पीपीएस. मोजताना फोन २० ते ५० टक्क्यांमध्ये आणि थंड हवा. ८५ टक्क्यांवर मोजून 'चार्जर कमजोर' म्हणणारे पुष्कळ भेटतात.

लॅपटॉपसाठीही केबलवर एक नजर टाका. ३ अँपिअरच्या वर जायचं तर केबलच्या पिनेत ओळख सांगणारी चिप लागते. ती नसेल तर चार्जर २० व्होल्टला ३ अँपिअरवरच थांबतो. मग ६५ चे ६० होतात.

प्रतिसाद : एकच_चार्जर

समजलं. लांब केबल इअरफोनपुरती ठेवतो. शेवटचं : दोन पोर्टचा चार्जर घेतला तर दुसरी वस्तू लावताना पहिलीचं चार्जिंग क्षणभर बंद का होतं? आणि नुसता सॉकेटमध्ये राहिला तर किती वीज खातो?

प्रतिसाद : ओहमकार

६५ हा दोन्ही पोर्टांचा मिळून आकडा. दुसरी वस्तू आली की चार्जर ४५ आणि २० अशी काहीतरी नवी वाटणी करतो आणि नव्या याद्या पाठवतो. बरेच चार्जर त्यासाठी वीज क्षणभर तोडतात. हार्ड डिस्क किंवा स्वतःची बॅटरी नसलेलं काही त्यावर चालत असेल तर ते बंद पडून पुन्हा सुरू होईल, तेवढं सांभाळा.

रिकामा चार्जर : या ताकदीच्या ॲडॅप्टरना कडक नियमांत ०.२१ वॅटची मर्यादा आहे. वर्षाचे ८,७६० तास धरले तरी दोन युनिटच्या आत.