गोठ्यात शंभरचा बल्ब रात्रभर. एलईडी घ्यायची तर सुरुवात कुठून करू?

गंगाखेडची_लेक

नमस्कार. गंगाखेड तालुक्यात आमचं जुनं माळवदाचं घर आहे. एप्रिलचं बिल १४८ युनिटचं आलं. फ्रिज, टीव्ही, दोन पंखे. कूलर अजून काढलेला नाही, म्हणजे पुढं वाढणारच.

दिवे असे आहेत. गोठ्यात १०० वॉटचा पिवळा बल्ब, अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत चालू, कारण तिकडं इचू-काटा निघतो आणि सासूबाई पहाटेच धारा काढायला जातात. ओसरीवर ६० चा. मधल्या खोलीत चाळीसची जुनी ट्यूब, तिचा चोक सारखा घूं घूं करतो. मुलगी यंदा दहावीला आहे, ती तिथंच अभ्यासाला बसते. देवघरात लाल झिरोचा बल्ब, तोही रात्रभर. स्वयंपाकघरात सीएफएल. न्हाणीत ४० चा.

आमचे हे म्हणायलेत, एलईडीचं काही खरं नाही, मागं आणलेले पावसाळ्यात उडाले. सासूबाईंना देवापुढं पांढरा उजेड नको. आणि सगळं एकदम बदलायला पैसे निघणार नाहीत. आधी कुठला बदलू?

परभणीचा_वायरमन

ताई, आधी गोठा. बाकीचं नंतर बघू.

१०० वॉटचा बल्ब दहा तास जळला की एक युनिट पडतं. म्हणजे महिन्याला ३० युनिट एकट्या गोठ्याचे. तिथं १२ वॉटचा एलईडी लावला तर साडेतीनच्या आसपास. जनावरांच्या पायाखालचं दिसायला तेवढा उजेड भरपूर होतो. फक्त गोठ्यात ओल असते, धूळ असते, पाखरं चिकटतात. म्हणून घरातला साधा बल्ब तिथं लटकवू नका. बाहेर लावायचा, पाण्या-धुळीपासून बंद असलेला दिवा मिळतो, तो मागा. साधाच बल्ब घट्ट झाकणाच्या बरणीत बसवणारे लोक मी बघतो. एलईडीला गरमी सोसत नाही, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर नाहीच. हवा कोंडली की आतलं सर्किट लवकर जातं.

दुसरं देवघर. झिरोच्या बल्बला नाव झिरो असलं तरी तो १२ ते १५ वॉट खातो. रात्रभर जळून महिन्याला साडेचार युनिट. त्याच होल्डरात बसणारा अर्ध्या वॉटचा एलईडी मिळतो, लाल किंवा पिवळा. सासूबाईंना रंग दाखवूनच घ्या.

मग ट्यूब. तांब्याच्या चोकची चाळीसची ट्यूब प्रत्यक्षात पन्नासच्या वर ओढते, कारण चोकही तापतो. २० वॉटची एलईडी पट्टी त्याच जागी बसते. ओसरीवर ९ वॉटचा पुरे. खोक्यावर वॉटच्या शेजारी लुमेन लिहिलेलं असतं, उजेड त्यावरून कळतो. ९ वॉटला ९०० लुमेन असेल तर तो तुमच्या साठच्या बल्बपेक्षा कमी पडणार नाही.

न्हाणीतला ४० चा राहू द्या. घडीभर लागतो आणि बंद होतो, त्यात काय वाचणार?

एवढं केलं तर चाळीसेक युनिट कमी व्हायला हवेत. त्याचा दुहेरी फायदा असा की महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांच्या वरच्या युनिटांना चढा दर लागतो. तुमचे वाचणारे युनिट हे नेमके वरचे, महागातले आहेत. त्या रकमेवरचं १६ टक्के वीज शुल्कही तेवढं कमी होतं. स्थिर आकार मात्र तसाच राहील.

आता दादांचं म्हणणं. बल्ब पावसाळ्यात उडाले म्हणता, तर नवे घेण्याआधी गावातल्या वायरमनकडून व्होल्टेज मोजून घ्या. न्यूट्रल, म्हणजे करंट परत जाणारी तार, कुठं ढिला असेल तर घरात २३० च्या जागी कधी दीडशे, कधी तीनशेच्या वर येतं. एक दिवा मंद आणि त्याच वेळी दुसरा भगभगीत, असं दिसलं तर न्यूट्रलच समजा. जुना तारेचा बल्ब ते बरंच सोसतो, एलईडीचं सर्किट सोसत नाही. फ्रिजलाही धोका तोच.

उदगीरकर

वायरमन भाऊंचं बरोबर आहे, पण पंखा विसरू नका. जुना पंखा ७५ वॉटचा. मराठवाड्यात उन्हाळ्यात तो दिवसरात्र बंदच होत नाही. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा पंखा साधारण ३० वॉटवर चालतो आणि इन्व्हर्टरवर जास्त वेळ टिकतो. महाग आहे, म्हणून दिव्यांतून वाचलेले पैसे साठवून घ्यावा.

सीएफएल चालू आहे तोवर वापरा. १५ वरून ९ वॉटवर येऊन फारसं हाती लागत नाही. त्यात पारा असतो, म्हणून बंद पडल्यावर उकिरड्यावर टाकू नका. फुटलाच तर दारं-खिडक्या उघडून सगळे बाहेर थांबा, आणि मग काचा पुठ्ठ्यानं गोळा करा. झाडू मारला की पारा पसरतो.

गंगाखेडची_लेक

दोघांचेही आभार. ह्यांना वाचून दाखवलं. गोठ्याचे ३० युनिट ऐकून सासूबाईच म्हणाल्या, उद्याच बदला.

एक राहिलं. पट्टी लावली तर मुलीच्या डोळ्यांना त्रास नाही ना होणार? आणि मागं ओसरीवर एलईडी लावला होता, तो बटण बंद केलं तरी अंधारात मिणमिणायचा. तो बल्बचा दोष का?

परभणीचा_वायरमन

पट्टी चालेल, पण ज्या पट्टीचा उजेड लुकलुकतो ती घेऊ नका. दुकानात चालू करून मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघा. पडद्यावर काळे पट्टे जोरात सरकत असतील तर दुसरी मागा. माळवदाच्या खोलीत वर काळं लाकूड असतं, ते उजेड गिळतं. भिंतीला चुना मारला तर तेवढ्याच वॉटमध्ये खोली उजळते. आणि लेकीच्या वहीवर तिच्याच डोक्याची सावली पडत असेल तर पट्टी कितीही मोठी लावा, उपयोग नाही. टेबलावर डाव्या बाजूनं ५ वॉटचा वेगळा दिवा द्या. ती डावखुरी असेल तर उजवीकडून.

मिणमिणण्यात बल्बचा दोष नसावा. बटणावर लाल इंडिकेटर असेल तर त्यातून झिरपणाऱ्या करंटवरही एलईडी तेवढा जळतो. इंडिकेटर नसेल तर बहुतेक बटणातून फेजऐवजी, म्हणजे करंट आणणाऱ्या तारेऐवजी, न्यूट्रल तोडलेला आहे. मग बटण बंद असतानाही होल्डरात करंट राहतो, आणि बल्ब बदलताना हात लागला तर जिवावर बेतेल. तोवर मेन स्विच पाडल्याशिवाय त्या होल्डरला कुणालाही हात लावू देऊ नका. व्होल्टेज मोजायला माणूस येईल तेव्हाच त्याला हे दाखवा, दोन तारा अदलाबदल करण्याचं काम आहे. गोठ्यातलं बटणही तपासायला सांगा, तिथं ओल्या हातानं दिवा लावला जातो.