वाढत्या रेडकांना गहू भुसा आणि भाताचा कोंडा किती द्यावा?

प्रश्न (शिराळा, जि. सांगली):
माझ्याकडे दीडशे किलोच्या आसपास वजनाची मुऱ्हा जातीची नर रेडके असून ती वाढवून विकायची आहेत. उसाचे वाढे (शेंड्याकडचा हिरवा पाला) भरपूर मिळते, सरकी पेंड मात्र परवडेनाशी झाली आहे. आमच्याकडे भात पिकत असल्याने गिरणीतला कोंडा सहज मिळतो आणि गहू भुसा (गव्हाचा कोंडा) बाजारात आहेच. पेंड पूर्ण बंद केली तर चालेल का?

उत्तर १ (पाटण, जि. सातारा):
कोंडा कोणत्या गिरणीचा आहे, हे आधी पाहावे. जुन्या हलरमधून (भात सडण्याच्या यंत्रातून) तूस आणि कोंडा एकत्रच बाहेर पडतात; चिमूटभर तळहातावर चोळल्यास तुसाचे तुकडे बोचतात आणि त्यात पोषण जवळजवळ नसते. पॉलिशचा मऊ कोंडा उत्तम, परंतु त्यात १२ ते १८ टक्के तेल असल्यामुळे तो लवकर खवट होतो व जनावरे तोंड लावत नाहीत. थोडा थोडाच आणावा.

उत्तर २ (पशुवैद्यक, कराड):
तेल जास्त झाल्यास वैरणही नीट पचत नाही, म्हणून पॉलिशचा कोंडा रोज अर्ध्या किलोवर नेऊ नये. वाढ्यात प्रथिने चार-पाच टक्केच असल्याने पेंड बंद न करता अर्धा किलो ठेवावी आणि एक किलो गहू भुसा द्यावा.

मला खरी काळजी कॅल्शियमची वाटते. गहू भुशात स्फुरद (फॉस्फरस) सुमारे १ टक्का, तर कॅल्शियम जेमतेम ०.१ टक्का असते; त्यातच वाढ्यातील ऑक्झॅलेट हा घटक कॅल्शियम बांधून ठेवतो, त्यामुळे स्फुरद जास्त आणि कॅल्शियम कमी पडून केवळ या दोहोंवर वाढणाऱ्या नर जनावराला मूतखड्याचा धोका राहतो. थेंब थेंब लघवी होणे, कुंथणे, वारंवार शेपटी उचलणे असे दिसताच डॉक्टरांना बोलवावे, कारण मूत्राशय फुटल्यास जनावर वाचणे कठीण असते. क्षार मिश्रणात स्फुरदही असल्याने तेवढ्यावर विसंबू नये. रोज ३० ते ४० ग्रॅम कॅल्साइट पावडर (चुनखडीची भुकटी), थोडे मीठ आणि मुबलक पाणी द्यावे.

प्रश्नकर्ता:
सविस्तर उत्तरांबद्दल आभारी आहे. कॅल्साइटऐवजी वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडली तर चालेल का?

उत्तर २:
निवळी जरूर शिंपडावी, परंतु एक लिटर निवळीत कॅल्शियम साधारण एक ग्रॅमच असते, त्यामुळे ती कॅल्साइटची जागा घेऊ शकत नाही. बांधावर लसूण घास लावता आला तर कॅल्शियम आणि प्रथिने दोन्ही मिळतील व पेंडही थोडी कमी करता येईल.