अपस्मार असलेल्या माणसाला घडलेले प्रसंगच आठवत नसतील, तर ते आजारामुळे की औषधामुळे?

अबोली
माझे पती ४१ वर्षांचे असून सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत इतिहास आणि भूगोल शिकवतात. वर्षाचे असताना तापात त्यांना बराच वेळ आकडी आली होती, असे सासूबाई सांगतात. पुढे वयाच्या चौदाव्या वर्षापासून त्यांना अपस्माराचा त्रास सुरू झाला. अंग ताठ होऊन खाली पडण्याची मोठी फिट गेल्या सहा वर्षांत आलेली नाही. मात्र महिन्यातून दोन-तीन वेळा ते बोलता बोलता थांबतात, एकटक पाहत राहतात, ओठांची चाटल्यासारखी हालचाल करतात, शर्टाची बटणे चाचपतात आणि मिनिटा-दीड मिनिटाने भानावर येतात. एमआरआयच्या अहवालात मेंदूतील डाव्या बाजूचा हिप्पोकॅम्पस हा भाग आकसल्याचे लिहिले आहे. फिटसाठी कार्बामाझेपिन हे औषध अनेक वर्षांपासून चालू आहे आणि दहा महिन्यांपूर्वी त्यात टोपिरामेट या दुसऱ्या औषधाची भर पडली.

अलीकडे त्यांना वर्गातील मुलांची नावे आठवत नाहीत, आणि बोलताना साधा शब्दही अडतो. मुख्याध्यापकांनी सांगितलेले काम दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात नसते, त्यावरून त्यांना ऐकूनही घ्यावे लागले. पण माझ्या मनाला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट वेगळी आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही मुलींना घेऊन मालवणला गेलो होतो. सिंधुदुर्गाच्या होडीत धाकटी घाबरून रडू लागली, तेव्हा किल्ल्याच्या दरवाजापर्यंत यांनी तिला खांद्यावर बसवून नेले होते. गेल्या महिन्यात त्या सहलीची छायाचित्रे पाहताना यांनी मला विचारले, ‘‘आपण इथे कधी गेलो होतो?’’ किल्ल्याचे बांधकाम १६६४ साली सुरू झाले, हे त्यांना पाठ आहे. आपण तिथे उभे होतो, हे मात्र आठवत नाही. धाकटी तेव्हापासून म्हणते, की बाबांनी माझी आठवणच ठेवली नाही.

हे सारे आजारामुळे होते, औषधामुळे होते, की त्यांचे खरोखर लक्ष नसते? पुढे हे वाढत जाईल का? डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा विषय काढला आहे, आणि तिने उरलीसुरली स्मरणशक्तीही जाईल, या भीतीने आम्ही गप्प आहोत.

मुक्ता_द
अबोलीताई, मी गेली सोळा वर्षे मेंदूविकार विभागात अपस्माराच्या रुग्णांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या घेते. आपल्या यजमानांना न पाहता निदान करणे योग्य होणार नाही, परंतु आपण लिहिलेले वाचून एक गोष्ट नक्की सांगता येते: आपण ज्याला एकच विसरणे म्हणत आहात, त्यात निदान तीन निराळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत, आणि त्या सुट्या केल्याशिवाय उपाय हाती लागणार नाही. लक्ष नसल्याचा आरोप मात्र आधी बाजूला ठेवा. या आजाराच्या ‘अपस्मार’ या नावातच ‘स्मार’ म्हणजे स्मरण आहे आणि ‘अप’ म्हणजे त्याचे निघून जाणे. चरकसंहितेने या आजाराची ओळख स्मृतीच्या जाण्यावरूनच करून दिली आहे.

पहिली गोष्ट म्हणजे जे मुळात नोंदलेच जात नाही ते. कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या टेम्पोरल खंडाच्या आतील घडीत हिप्पोकॅम्पस असतो. समुद्रघोड्यासारखा आकार असल्याने त्याला ते नाव पडले. नवा प्रसंग कोठे घडला, कोणासोबत घडला आणि कशानंतर घडला, हे सारे एकत्र बांधून ठेवण्याचे काम तो करतो. फिट त्याच भागातून उठत असेल, तर तेवढा वेळ ही बांधणी थांबते आणि फिट संपल्यानंतरही काही मिनिटे, कधी त्याहून अधिक काळ, ती पूर्ववत होत नाही. म्हणजे दीड मिनिटाच्या फिटमध्ये नुकसान दीड मिनिटाचेच होते असे नाही. त्या धूसर काळात माणूस ‘हो, हो’ म्हणत मान हलवतो, समोरच्याला ते उत्तर वाटते, आणि मुख्याध्यापकांचे काम तिथेच हरवते.

इतिहासाच्या शिक्षकांना आवडेल असे एक उदाहरण सांगते. ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज मेंदूतज्ज्ञांनी १८८८ साली ‘डॉक्टर झेड’ या नावाने एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. हा रुग्ण स्वतः डॉक्टर होता. एका आजाऱ्याला तपासताना त्याला फिट आली, आणि तशाच अवस्थेत त्याने छाती तपासून डाव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया असल्याचे निदान लिहिले. भानावर आल्यावर मात्र त्याला त्यातले काहीही आठवत नव्हते. पुन्हा तपासल्यावर निदान बरोबर निघाले. पुढे मृत्यूनंतरच्या तपासणीत त्याच्या डाव्या टेम्पोरल खंडात, हिप्पोकॅम्पसच्या अगदी लगतच्या भागात, छोटासा बिघाड सापडला. हात काम करतात, तोंड बोलते आणि तरीही नोंद होत नाही, हे किती खरे आहे ते यावरून लक्षात यावे.

दुसरी गोष्ट म्हणजे शब्द आणि नावे. बहुतेक माणसांत भाषेचा कारभार मेंदूच्या डाव्या बाजूला असतो, त्यामुळे डावा हिप्पोकॅम्पस आकसलेला असेल तर नावे, याद्या आणि ऐकलेला मजकूर लक्षात ठेवणे जड जाते. परंतु ऐन बोलताना ओळखीचा शब्द न सापडणे हा टोपिरामेटचा सुपरिचित दुष्परिणाम आहे. मात्रा जितकी जास्त आणि ती जितक्या घाईने वाढवलेली, तितका तो ठळक दिसतो. मात्रा कमी केल्यावर किंवा औषध बदलल्यावर तो सहसा ओसरतो. म्हणून ही तक्रार दहा महिन्यांपूर्वीपासूनची आहे की त्याआधीचीही, हे तारखांसह आठवून पाहा. डॉक्टरांसाठी हा तपशील फार मोलाचा आहे. औषध मात्र मनाने एक गोळीदेखील कमी करू नका. अचानक बंद केल्यास न थांबणाऱ्या फिट येऊ शकतात आणि त्या जीवावर बेतू शकतात.

तिसरी गोष्ट मालवणची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. टेम्पोरल खंडाच्या अपस्मारात काही जणांच्या बाबतीत नवी आठवण नीट तयार होते, अर्ध्या तासाने विचारले तर बरोबर सांगता येते, पण पुढच्या काही दिवसांत वा आठवड्यांत ती इतरांपेक्षा कितीतरी लवकर विरून जाते. आमच्या नेहमीच्या चाचणीत पंधरा शब्द वाचून दाखवून ते साधारण अर्ध्या तासाने पुन्हा विचारतात. असा रुग्ण त्यात उत्तीर्ण होतो, अहवालात ‘स्मरणशक्ती सामान्य’ असे लिहिले जाते, आणि घरचे लोक आणखी चिडतात. त्यामुळे चाचणीच्या वेळी काही आठवड्यांनी पुन्हा विचारण्याची विनंती अवश्य करा. १६६४ हे साल टिकले याचे कारण असे, की वर्षानुवर्षे शिकवून घोटलेले ज्ञान मेंदूच्या बाह्य थरात दूरवर रुजलेले असते आणि त्याला हिप्पोकॅम्पसचा आधार फारसा लागत नाही. स्वतःच्या आयुष्यातील एकदाच घडलेल्या प्रसंगाला मात्र तो लागतो. आपल्या धाकटीला हे तिच्या भाषेत जरूर समजावून सांगा. त्या दिवशी बाबांनी तिला खांद्यावर घेतले ते प्रेमानेच, आणि त्या प्रेमाची नोंद जिथे राहायला हवी ती जागा दुखावलेली आहे.

याशिवाय झोप, उदासपणा, रक्तातील सोडियम, थायरॉइड आणि बी-१२ यांची तपासणी करून घ्या. कार्बामाझेपिनमुळे सोडियम उतरू शकते, आणि शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता बरेचदा आढळते. या गोष्टी दुरुस्त होण्यासारख्या असतात, म्हणून त्या राहून जाता कामा नयेत.

वाटसरू
मला स्वतःला अठरा वर्षांपासून अपस्मार आहे आणि मी एका सहकारी पतसंस्थेत हिशेबाचे काम करतो. मुक्ताताईंनी शास्त्र सांगितले आहेच. मी केवळ अनुभव लिहितो.

टोपिरामेट वाढवल्यानंतर मला ‘कढई’ हा शब्द सुचेना आणि मी पत्नीला ‘ते तळायचे भांडे’ म्हणू लागलो. आकडेमोड जमत होती, पण समोरच्या खातेदाराचे नाव ओठांवर येऊन थांबत असे. मी तीन आठवडे रोज रात्री अडलेले शब्द एका वहीत लिहिले आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवली. ‘विसरायला होते’ एवढेच मी आधी दोन वेळा सांगितले होते, त्याने काही घडले नव्हते. वही पाहून मात्र त्यांनी टप्प्याटप्प्याने औषध बदलून लॅमोट्रिजिन सुरू केले. साधारण दोन महिन्यांत शब्द परत आले. मागच्या वर्षांतले हरवलेले प्रसंग परत आले नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

दुसरी गोष्ट, स्वतःची फिट स्वतःला कळत नाही. मी महिन्याला दोन सांगत असे आणि पत्नीच्या नोंदीत सात निघाल्या, शिवाय रात्री झोपेतल्या वेगळ्या. त्यामुळे वहीत आपलेही हस्ताक्षर असू द्या, केवळ त्यांचे नको. आणि गोळ्यांसाठी वारांचे खाने असलेली डबी घ्या. गोळी घेतली की नाही हेच आठवत नसेल, तर एखादी राहून जाते किंवा दोनदा घेतली जाते, त्यातून फिट वाढतात आणि विसरणेही वाढते. मी या फेऱ्यात चार वर्षे अडकलो होतो.

कामाच्या ठिकाणी मी एकच नियम केला आहे: कोणीही काम तोंडी सांगू नये, चिठ्ठीवर किंवा भ्रमणध्वनीवर लिहून द्यावे. वरिष्ठांना त्यासाठी आजाराची कल्पना द्यावी लागली आणि तो दिवस अवघड गेला, परंतु ‘निष्काळजी’ हा शब्द त्यानंतर ऐकावा लागला नाही.

रानजाई
माझे वडील साठीत असताना पहाटे उठल्यावर अर्धा तास तेच तेच प्रश्न विचारत, बाकी वागणे-बोलणे अगदी नीट असे. आम्ही स्मृतिभ्रंश समजून खचलो होतो. पुढे ईईजीवरून, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींच्या आलेखावरून, हा टेम्पोरल खंडाचाच अपस्मार असल्याचे निघाले आणि औषधाच्या लहानशा मात्रेने ते झटके थांबले. भावाच्या लग्नाची आठवण मात्र त्यांच्याजवळ उरलेली नाही. आम्ही आता त्यांना ‘आठवते का?’ असे विचारत नाही. छायाचित्र पुढे ठेवून त्या दिवसाची गोष्ट सांगतो, आणि ते आवडीने ऐकतात. प्रश्न विचारला की त्यांचा चेहरा परीक्षेला बसवल्यासारखा होत असे.

अबोली
सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बसून तारखा जुळवल्या. शब्द अडणे खरोखरच औषध वाढवल्यानंतरचे आहे. पण प्रसंग विसरणे त्याच्या कितीतरी आधीपासूनचे आहे, आमच्या लक्षात ते आले नव्हते एवढेच. मुक्ताताई, शस्त्रक्रियेविषयी आणि पुढे हे वाढण्याविषयी आपण काही सांगू शकाल का?

मुक्ता_द
वाढण्याविषयी आधी सांगते. हा अल्झायमरसारखा सतत पुढे सरकत जाणारा आजार नव्हे. परंतु अनेक वर्षे फिट चालूच राहिल्या, तर स्मरणशक्ती हळूहळू आणखी खालावू शकते, त्यामुळे फिट थांबवणे हाच स्मरणशक्तीचाही पहिला उपचार आहे. दोन योग्य औषधे पुरेशा मात्रेत देऊनही फिट थांबत नसतील, तर शस्त्रक्रियेचा विचार लांबणीवर टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅनडात झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टेम्पोरल खंडाचा अपस्मार असलेल्या ८० रुग्णांपैकी निम्म्यांसाठी शस्त्रक्रियेचा आणि निम्म्यांसाठी केवळ औषधांचा मार्ग चिठ्ठी टाकल्यासारखा ठरवला होता. वर्षअखेर भान हरपणाऱ्या फिटपासून पहिल्या गटातील ५८ टक्के, तर दुसऱ्या गटातील ८ टक्के रुग्ण मुक्त होते. आपल्याकडेही या शस्त्रक्रिया नव्या नाहीत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत त्या १९९५पासून होत आहेत.

आपल्या भीतीमागे मात्र खरा इतिहास आहे. अमेरिकेत १९५३ साली हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या टेम्पोरल खंडांचा आतील भाग, हिप्पोकॅम्पसच्या मोठ्या हिश्श्यासह, दोन्ही बाजूंनी काढण्यात आला. त्याच्या फिट कमी झाल्या, पण २००८ साली मृत्यू येईपर्यंत रोज भेटणारी माणसेही त्याला नव्याने भेटल्यासारखी वाटत. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा असे दिसले, की आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवण्याचे कौशल्य त्याला दिवसागणिक अधिक साधत गेले, आपण ते पूर्वी कधी केले होते हे मात्र त्याला ठाऊक नसे. त्या एका माणसामुळे जगाला हिप्पोकॅम्पसचे काम कळले, आणि दोन्ही बाजू काढण्याची शस्त्रक्रिया त्यानंतर सोडून देण्यात आली. आज एकाच बाजूवर आणि दुसरी बाजू काम सांभाळू शकते का, हे पाहूनच शस्त्रक्रिया करतात.

तरीही डावी बाजू असल्यामुळे शब्दांच्या स्मरणात घट होण्याचा धोका उरतो. ज्याची शब्दस्मृती आज उत्तम आहे आणि ज्याचा हिप्पोकॅम्पस एमआरआयमध्ये धडधाकट दिसतो, त्याला गमावण्यासारखे अधिक असते. ज्याचा तो आधीच आकसलेला आहे, त्याच्या त्या भागाचे काम बऱ्याच अंशी आधीच मंदावलेले असते आणि घट तुलनेने कमी होते. आपले यजमान या दोहोंपैकी नेमके कोणत्या प्रकारात मोडतात, हे पूर्ण चाचण्यांनंतरच कळेल. म्हणून शस्त्रक्रियेला होकार किंवा नकार देण्यापूर्वी तीन गोष्टी मागून घ्या: रुग्णालयात काही दिवस ठेवून केलेली व्हिडिओ ईईजी (म्हणजे चित्रीकरणासोबत घेतलेला ईईजी), मराठीतून घेतलेली सविस्तर स्मरणचाचणी, आणि भाषा कोणत्या बाजूला आहे याची तपासणी. चाचणी मराठीतून हवी हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण परक्या भाषेतील शब्दांच्या यादीवरून मराठी शिक्षकाची शब्दस्मृती मोजली, तर हाती येणारे गुण चुकीचे असतात.

अबोली
पुढच्या बुधवारी डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. वही सुरू केली आहे. पहिले पान यांच्या अक्षरात आहे आणि दुसरे माझ्या. धाकटीने मालवणच्या छायाचित्रांच्या मागे त्या दिवशी काय काय घडले ते स्वतःहून लिहायला घेतले आहे. होडीच्या छायाचित्रामागे तिने लिहिले आहे, ‘‘इथे मी रडले, मग बाबांनी मला उचलले.’’ यांनी ते दोनदा वाचले आणि पुढे काय झाले, असे तिला विचारले.