समाजशास्त्राची पदवी आणि कमाई

समाजशास्त्राच्या पदवीवर घातलेला पैसा वसूल होत नाही, हे म्हणणं मला अर्धंच पटतं. नुसत्या पदवीवर सुरुवातीचा पगार बेताचाच मिळतो, हे खरं. म्हणून मोठं कर्ज काढून ती करू नका, असं मी कळकळीनं सांगेन. पण संख्याशास्त्राचे तास अजिबात बुडवू नका! सर्वेक्षणासाठी १,००० जणांचा यादृच्छिक नमुना घेतला, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी माणसं निवडली, तर आकडा साधारण ३ टक्के इकडेतिकडे होतो. ही चूक निम्मी करायची तर ४,००० माणसं लागतात. हे ज्याला उमगतं आणि ‘दारू पिता का?’ऐवजी ‘गेल्या सात दिवसांत किती दिवस घेतलीत?’ असं विचारायला सुचतं, त्याला बाजार संशोधनात, सार्वजनिक आरोग्यात, मनुष्यबळ विभागात काम मिळू शकतं. प्राध्यापकीची वाट मात्र लांबची, पीएचडीनंतरही जागा मोजक्याच.