नाताळी टीव्ही-चित्रपटांचे निर्माते आधी काय करत होते?

हिशेबनीस

डिसेंबर लागला की आमच्या घरात रिमोटवर माझा हक्क उरत नाही. बायको आणि लेक एका रजईत, समोर कुठला तरी राजपुत्र. मी आपला शेवटची नामावली वाचत बसतो. तीस वर्षं लेखापरीक्षण केलंय, पैसा कोणाचा हे कळल्याशिवाय चैन पडत नाही.

यंदा तीन चित्रपट बघून झाले: 'अ प्रिन्सेस फॉर ख्रिसमस' (२०११), 'अ रॉयल ख्रिसमस' (२०१४), 'अ ख्रिसमस प्रिन्स' (२०१७). पहिले दोन अमेरिकेतल्या हॉलमार्क चॅनलवरचे, तिसरा नेटफ्लिक्सचा. तिन्हींत साधी अमेरिकन मुलगी, युरोपातला किल्ला, नाकं मुरडणारे खानदानी लोक आणि शेवटी बर्फ. तिन्हींचं चित्रीकरण रुमानियात. आणि तिन्हींमागे एकच कंपनी, मोशन पिक्चर कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका, म्हणजे ब्रॅड क्रेवॉय.

हे गृहस्थ तयार झाले रॉजर कॉर्मनच्या हाताखाली. कॉर्मन म्हणजे स्वस्तातल्या चित्रपटांचा निर्माता, ज्याने आत्मचरित्राच्या नावातच सांगून टाकलं की शंभर चित्रपट काढले आणि एक दमडी बुडवली नाही. तिथून क्रेवॉयने १९८६ मध्ये स्टीव्ह स्टेबलरबरोबर स्वतःची कंपनी काढली, स्वस्तातले मारधाडपट काढले, १९९४ मध्ये 'डम्ब अँड डम्बर' या विनोदी चित्रपटाने लॉटरी लागली. आणि आता नाताळ.

माझं म्हणणं सरळ आहे. निर्मात्याची आधीची नोकरी बघा, चित्रपट बघायची गरज नाही. हे लोक नाताळची गोष्ट सांगत नाहीत, माल काढतात.

तिसरी_घंटा

साफ असहमत. कॉर्मनचं नाव तुम्ही शिवीसारखं घेतलंत. कपोला, स्कोर्सेसी, जेम्स कॅमेरॉन हे सगळे मोठे दिग्दर्शक त्याच तालमीतले. 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स'चं मुख्य चित्रीकरण त्याने दोन दिवस आणि एका रात्रीत उरकलं होतं. तीच तालीम क्रेवॉय वापरतोय, यात गुन्हा काय?

मी हौशी नाटकाचं नेपथ्य करतो. दोन पडदे आणि एक जिना यात राजवाडा उभा करायला सांगितला की काय होतं ते मला विचारा. क्रेवॉयने निदान खरा राजवाडा शोधला. 'अ ख्रिसमस प्रिन्स'मधला तो सिनाया गावातला पेलेश किल्ला आहे. स्टुडिओत तसला जिना बांधायचा तर अख्खा चित्रपट त्यातच संपेल. हे डोकं स्वस्तातल्या सिनेमातूनच येतं. वर २०११ च्या त्या चित्रपटात साक्षात रॉजर मूर! बाँडला आजोबा करून बसवणं हा हिशेब नाही, ही नजर आहे.

पानगळ

मी व्हँकूवरच्या पूर्वेला राहते. इथल्या गावांत हे चित्रपट पोत्याने बनतात. दोन वर्षांपूर्वी जुलैत भाजी आणायला गेले तर बाजारपेठेत रस्ता अडवलेला, दुकानांच्या खिडक्यांत हिरव्या माळा, फुटपाथवर पांढऱ्या फेसाचा बर्फ, आणि नायिका लोकरी कोटात. शॉट संपला की एक मुलगा तिच्या मानेजवळ छोटा पंखा धरायचा. मला तिची दया आली आणि निर्मात्याचं कौतुकही वाटलं. दोन-तीन आठवड्यांत अख्खा चित्रपट गुंडाळतात हे लोक.

पण हिशेबनीसांच्या बाजूने एक मुद्दा. नुसते निर्माते कशाला, वाहिनी कोण चालवत होतं तेही बघा. हॉलमार्कचा 'काउंटडाउन टू ख्रिसमस' हा नाताळी चित्रपटांचा हंगाम सुरू झाला २००९ मध्ये. त्याच वर्षी बिल अ‍ॅबट तिथे मुख्य कार्यकारी झाले. त्याआधी त्याच कंपनीत ते जाहिरातविक्री बघायचे. दोन तासांची वेळ, त्यात चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी मिनिटांचा चित्रपट, उरलेल्यात जाहिराती. दर ब्रेकच्या आधी कोणीतरी अर्धवट काहीतरी बोलून वळतं, लक्षात आलंय का? गोष्टीचे सांधे जाहिरातीच्या मापाने कापलेले असतात. कंपनीचं मूळही शुभेच्छापत्रं विकण्यातलं.

कुंपणावरचा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

वसईकरीण

आमच्याकडे नाताळ हा 'हंगाम' नाही, सण आहे. त्यामुळे या राजपुत्रांकडे बघताना मला पहिलं खटकतं ते हे, की दीड तासात एकदाही कोणी चर्चमध्ये गुडघे टेकत नाही. झाड आहे, बिस्किटं आहेत, येशूच्या जन्माची गव्हाणी कुठंय?

पण 'आधीची नोकरी बघा' हे सूत्र मला मान्य नाही. 'अ चार्ली ब्राउन ख्रिसमस' घ्या. ९ डिसेंबर १९६५, सीबीएस ही अमेरिकन वाहिनी. त्यामागच्या दोघांची आधीची कामं ऐका. ली मेंडेल्सन: काही काळ वडिलांच्या भाजीपाल्याच्या धंद्यात, मग सॅन फ्रान्सिस्कोच्या केपीआयएक्स वाहिनीवर, मग माहितीपट. बेसबॉलपटू विली मेजवर त्यांनी फिल्म केली, आणि जगातला सर्वांत चांगला खेळाडू झाला, आता सर्वांत वाईट घेऊ, म्हणून चार्ली ब्राउनकडे वळले. दुसरे बिल मेलेंडेज: मेक्सिकोत जन्म, डिस्नीत 'बॅम्बी' आणि 'डम्बो'वर काम, १९४१ च्या संपात उतरले, मग वॉर्नर आणि यूपीए हे कार्टून स्टुडिओ, आणि जाहिरातपट. चार्ली ब्राउनच्या 'पीनट्स' या चित्रमालिकेतली पात्रं त्यांनी पहिल्यांदा हलवली ती फोर्डच्या मोटारींच्या जाहिरातीत.

म्हणजे एक भाजीवाल्याचा पोरगा आणि एक जाहिरातवाला. आणि त्यांनी केलं काय? हशाची टेप नाही, खऱ्या मुलांचे आवाज, जॅझ, आणि मधोमध चार्लीचा मित्र लायनस उभा राहून लूकच्या शुभवर्तमानातला उतारा म्हणतो. टीव्हीवर बायबल चालणार नाही असं मेलेंडेजना स्वतःलाच वाटत होतं. 'पीनट्स' काढणारे चार्ल्स शुल्झ हटले नाहीत. वाहिनीच्या साहेबांना तयार फिल्म आवडली नव्हती. पुढे एमी आणि पीबॉडी हे टीव्हीचे मोठे पुरस्कार मिळाले.

हिशेबनीस

वसईकरीण, दोन हरकती. एक, ते अर्ध्या तासाचं कार्टून, चित्रपट नव्हे. दोन, पैसा कोणाचा होता? कोका-कोलाचा! मेंडेल्सनना नाताळचा कार्यक्रम आहे का म्हणून फोन आला तो कोकच्या जाहिरात कंपनीकडून. आराखडा एका दिवसात लिहून पाठवला. म्हणजे मागणी आधी, गोष्ट नंतर. माझंच म्हणणं सिद्ध झालं.

वसईकरीण

मागणी आधी आणि गोष्ट नंतर, असं तर आमच्या चर्चमधल्या गायनवृंदाचंही होतं. फादर सांगतात रविवारपर्यंत बसवा, आम्ही बसवतो. घाईत बसवलेलं गाणं बेसूरच होतं असं नाही.

तिसरी_घंटा

वसईकरीण +१. आणि चित्रपटच हवा असेल तर 'द होमकमिंग: अ ख्रिसमस स्टोरी' घ्या. सीबीएस, १९ डिसेंबर १९७१. पूर्ण लांबीचा, टीव्हीसाठी बनवलेला. व्हर्जिनियाचे डोंगर, १९३३ ची मंदी, नाताळची आदली रात्र. बाप कामावरून घरी यायला निघालाय आणि पोचलेला नाही. आई थोरल्या मुलाला शोधायला पाठवते. बस, एवढंच. आईच्या भूमिकेत पॅट्रिशिया नील, काही वर्षांपूर्वी मेंदूच्या झटक्यांतून उठलेली. तिचा तो ओढलेला, कष्टाने शांत ठेवलेला चेहरा एकदा बघाच. कुठलाही राजपुत्र पुसट वाटेल. यातूनच पुढच्या वर्षी 'द वॉल्टन्स' ही मालिका निघाली.

हिशेबनीस

तिसरी घंटा, तुम्ही माझ्याच अंगणात आलात. होमकमिंग कोणाचा? लोरिमार या निर्मितीसंस्थेचा. लोरिमारचे ली रिच कुठून आले? बेंटन अँड बोल्स या जाहिरात कंपनीतून, जी साबणवाल्या प्रॉक्टर अँड गँबलचं काम करायची! त्यांचे भागीदार मर्व्ह अ‍ॅडेलसन, लास वेगासचे बांधकामवाले. नामावलीतले निर्माते रॉबर्ट जॅक्स, एके काळी हॉलिवूडचे बडे निर्माते डॅरिल झॅनक यांचे जावई. जाहिरात, जमीनजुमला आणि जावई. याहून धंदेवाईक त्रिकूट दाखवा.

तिसरी_घंटा

अहो, मग तुमचं सूत्र कुठे गेलं? तुम्ही म्हणालात, नोकरी बघा, चित्रपट कळतो. जाहिरातवाला, बिल्डर आणि जावई एवढंच वाचून तुम्ही 'होमकमिंग' ओळखला असता का? तुम्ही म्हणाला असता, साबणाची जाहिरात असणार.

आणि धंद्याचं गणित बघाल तर तो चित्रपट निघायलाच नको होता. त्याच वर्षी सीबीएसने खेड्यापाड्यांवरच्या मालिका एकगठ्ठा बंद केल्या होत्या. जाहिरातदारांना शहरी तरुण प्रेक्षक हवा होता. अशा वेळी डोंगरातल्या गरीब कुटुंबावर पैसा लावणं नुसत्या हिशेबात बसत नाही. गोष्ट लेखक अर्ल हॅमनरच्या स्वतःच्या घरची होती, फरक तिथे पडला. रिचचं काम एवढंच की ती त्याने मोडली नाही.

पानगळ

"ती त्याने मोडली नाही" हे आवडलं.

मग प्रश्न असा, की क्रेवॉयकडे मोडण्यासारखी गोष्ट कोणी घेऊन जातं का? मला वाटतं तिथे उलटं चालतं. आधी किल्ला मिळतो, रुमानियातले दर ठरतात, मग त्यात बसेल अशी मुलगी लिहिली जाते. २०१४ चा आणि २०१७ चा दिग्दर्शकही एकच, अ‍ॅलेक्स झॅम.

कुंपणावरचा

मीही एक काडी टाकतो. 'रुडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडियर', लाल नाकाच्या रेनडियरचा बाहुल्यांचा कार्यक्रम, एनबीसी वाहिनी, ६ डिसेंबर १९६४. निर्माते आर्थर रँकिन आणि ज्यूल्स बास. रँकिन एबीसी वाहिनीत कलादिग्दर्शक होते, बास जाहिरात कंपनीत. प्रायोजक जनरल इलेक्ट्रिक. बाहुल्या हलवल्या जपानमध्ये, तादाहितो मोचिनागांच्या स्टुडिओत. म्हणजे परदेशात स्वस्तात काम करून घ्यायचं हे रुमानियाच्या पन्नास वर्षं आधीच झालेलं.

आणि खुद्द रुडॉल्फ? १९३९ मध्ये माँटगोमेरी वॉर्ड या दुकानाने गिऱ्हाइकांच्या मुलांना फुकट वाटायला पुस्तिका काढली, त्यासाठी तिथल्या रॉबर्ट मे नावाच्या जाहिरातलेखकाने तो रचला. ते लाल नाक जन्मालाच जाहिरातीत आलं. आता बोला.

हिशेबनीस

बोलतो. रुडॉल्फ मला लहानपणापासून आवडतो, त्यामुळे माझी पंचाईत झाली आहे.

एवढं मागे घेतो: 'चित्रपट बघायची गरज नाही' हे चुकलं. पण एक सोडत नाही. मेंडेल्सन आणि मेलेंडेजना मोडता येणार नाही असा माणूस समोर होता, शुल्झ. रिचसमोर हॅमनर होता. क्रेवॉयसमोर कोणीच नाही, फक्त वेळापत्रक आहे. एका हंगामात एका वाहिनीवर तीस-चाळीस नवे चित्रपट येणार असतील, तर तीस-चाळीस हॅमनर आणायचे कुठून?

तिसरी_घंटा

हे मात्र मान्य. म्हणजे दोष क्रेवॉयच्या बायोडेटाचा नाही, मागणीच्या आकड्याचा. पहिल्या पोस्टमध्ये हेच लिहिलं असतंत तर माझा रविवार वाचला असता.

हिशेबनीस

तुमचा वाचला असता, माझा नाही. आत्ता आतून हाक आलीय, 'अ ख्रिसमस प्रिन्स'चा दुसरा भाग लावलाय. २०१७ मध्ये नेटफ्लिक्सने जाहीर टोमणा मारला होता, सलग अठरा दिवस रोज हा चित्रपट बघणारे त्रेपन्न लोक आहेत, त्यांना कोणी दुखावलंय म्हणून. त्यातले दोघं माझ्या घरात असावेत असा मला दाट संशय आहे.

वसईकरीण

जा, बघा. आणि त्यात कुठे गव्हाणी दिसली तर मिनिट सांगा, मी तेवढंच बघेन.